होडीच्या पोटातला शॉट

१

माहितीपट करायचा असेल तर सामान कमी ठेवा. कोणी विचारलं तर मी हे सांगते, आणि न विचारताही सांगते. एक कॅमेरा, एक लेन्स, कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक छोटा माइक, खिशात जास्तीच्या बॅटऱ्या. झालं. बाकीचा लवाजमा सर्कशीला शोभतो.

हे शहाणपण मला उशिरा आलं. वर्षानुवर्षं मी खांद्यावर मोठं धूड घेऊन हिंडले. मागे आवाजवाला, दिवेवाला, तारा गुंडाळणारा, असा तांडा. उजवा खांदा कुरकुरायला लागला होता, पण मी सामान कमी केलं ते खांद्यामुळे नाही. ते दोघा भावांमुळे.

नदीकाठच्या एका शेडमध्ये हे दोघे भाऊ लाकडी होड्या बांधायचे. शेडच्या जागेवरून रस्ता जाणार होता, त्यामुळे हाती घेतलेली होडी शेवटचीच ठरणार होती. शिवाय दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं, तेही कित्येक वर्षांपासून. न बोलता दोघे मिळून होडी बांधत होते. मला याच्यावरच चित्रपट करायचा होता.

पहिल्यांदा मी तांडा घेऊन गेले आणि तोंडघशी पडले. धाकटे भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. थोरल्यांनी विचारलं, "कुठे बघू?" आणि मी दाखवलं तिकडेच ते संध्याकाळपर्यंत बघत बसले. रंध्याचा एक हात कोणी मारला नाही. दिव्याच्या उजेडात ती दोन कामाची माणसं फोटो काढायला बसवल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात गेले. एकेक कॅमेरा हातात घेऊन, हात लांब करून, बोटं न बघता बटणांवर जातात का ते पाहिलं. ज्याच्यावर गेली तो घेतला. त्याचा पडदा बाहेर उघडायचा, त्यामुळे कॅमेरा छातीशी धरून समोरच्याच्या डोळ्यांत बघत बोलता यायचं. लेन्स अशी घेतली की चित्र जवळ ओढता येणार नाही. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जायचं. फोकस हातानं, लेन्सवरचं कडं फिरवून.

"ताई, निदान ट्रायपॉड तरी घ्या," दुकानदार म्हणाला.

"मला दोन पाय आहेत. पुरतात."

"मग हे डुगडुग थांबवणारं..."

"ते तर मुळीच नको. माझ्या हाताला डुगडुग असली तर दिसू दे."

घरी नवऱ्यानं तो तळहातावर ठेवून बघितला. माझ्या चित्रपटांचं संकलन तोच करतो, घराच्या मागच्या खोलीत. म्हणाला, "यात मीठ ठेवायचं की हळद?"

"आजवर नाकापेक्षा मोती जड होता," मी म्हटलं. "आता बघ."

आणि खरंच, बघण्यासारखंच झालं.

२

शेड लांबट, उंच, पत्र्याची. फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या पट्ट्या आत यायच्या आणि दुपारभर होडीच्या अंगावरून सरकत राहायच्या. मधोमध होडी, आडव्या ओंडक्यांवर टेकवलेली. जमिनीवर घोट्यापर्यंत लाकडाचा भुगा आणि ढलप्या. चालताना पायाखाली कुरकुर आवाज यायचा. मी एकटीच जायला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी धाकट्यांनी दाराकडे बघत विचारलं, "बाकीचे?"

"बाकीचे नाहीत. मीच."

"मग हे कसलं शूटिंग?" असं म्हणून ते कामाला लागले आणि मला विसरून गेले. मला तेच हवं होतं.

त्या दोघांचं न बोलणं बघत राहावं असं होतं. थोरल्यांनी हात मागे केला की धाकट्यांची पटाशी त्या हातात येऊन पडायची. फळी उचलताना दोघे एकाच क्षणी वाकायचे. फारच नड आली तर मध्ये वहिनी. थोरल्यांची बायको. धाकटे तिला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. शेडच्या दाराशी खुर्ची टाकून ती काहीतरी निवडत, शिवत बसलेली असायची.

"वहिनी, दादाला सांगा, फळी डावीकडे सरकली."

"अहो, फळी डावीकडे सरकली म्हणतायत."

"त्याला म्हणावं, मला डोळे आहेत."

"त्यांना डोळे आहेत म्हणतायत, भावोजी."

"ऐकू आलं मला!"

भांडण कशावरून झालं हे तिघं तीन तऱ्हांनी सांगायचे आणि तिन्ही वेळा पटायचं. मी खोलात गेले नाही.

कॅमेरा हलका होता, आणि दिवस सरत गेले तसा तो जास्तच हलका वाटायला लागला. दुपारनंतर तर हातात काही आहे हेच जाणवायचं नाही. मी स्वतःवर खूश होते. घोड्यावर बसणाऱ्याला घोडा जाणवेनासा झाला की तो तरबेज झाला म्हणतात, तसलं काहीतरी मनाशी म्हणत होते.

३

"तू शिडीवर कधी चढलीस?"

नवऱ्यानं स्वयंपाकघरात येऊन विचारलं. मी भांडी पुसत होते.

"कसली शिडी?"

"ये, दाखवतो."

मागच्या खोलीत पडद्यावर धाकटे भाऊ रंधा मारत होते. माझी उंची मुळात बेताची, त्यात कॅमेरा छातीशी. माझ्या शॉटमध्ये माणसं नेहमी थोडी वर दिसतात, हनुवटीखालून. हा शॉट वरून होता. धाकट्यांच्या टकलावरचा घाम दिसत होता. रंध्यातून सुटणारी ढलपी वळून त्यांच्या मनगटावर पडली, तसा कॅमेरा तिच्यामागोमाग अलगद खाली आला आणि तिथेच थांबला. सुंदर शॉट होता. खोटं कशाला बोलू?

"हात वर केला असेन मी," मी म्हटलं.

"इतका वेळ?"

"हलका आहे ना."

तो पडद्याजवळ सरकला. मग म्हणाला, "अगं, तुझे शॉट मी डोळे मिटून ओळखतो. तुझ्या शॉटला श्वास असतो. तू दम टाकलास की चित्र केसभर हलतं. हे बघ, याला श्वास नाही."

"मग सुधारले म्हण की."

तो हसला, मीही हसले. पण भांडी पुसताना मी एक ताट हातात घेतलं, हात डोक्यावर नेला आणि तसाच धरून ठेवला. थोड्याच वेळात कोपर थरथरायला लागलं. मी ताट जागेवर ठेवून दिलं आणि विषय तिथेच सोडला. काम चांगलं होत असताना खुसपटं काढायची नसतात.

४

पुढच्या मेमरी कार्डात तसले आणखी शॉट निघाले. सगळे वरून घेतलेले आणि स्थिर. सगळे माझ्यापेक्षा चांगले. आणि एकातही पावलांचा आवाज नव्हता. भुग्यात पाय टाकला की कुरकुर होते, माझ्या प्रत्येक शॉटमध्ये ती आहे. त्याबद्दल नवरा मला शिव्या घालतो. या शॉटमध्ये कॅमेरा शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होता आणि माइकमध्ये फक्त करवतीचा आवाज होता.

मी मनाला समजावलं. माइकवरची वारा अडवणारी केसाळ टोपी बदलली होती. ढलप्या झाडून काढल्या असतील. मी सवयीनं पाय अलगद टाकायला शिकले असेन. माणसाला कारणं हवी असली की ती पोत्यानं मिळतात.

मग तो चहाचा शॉट आला.

पडद्यावर थोरल्यांचे हात होते, अगदी जवळून. फळीच्या सांध्यात ते सुताची वळी भरत होते, पटाशीच्या मागच्या बाजूनं दाबत. बोटांच्या चिरांमध्ये काळं गेलेलं. कॅमेरा त्या बोटांबरोबर इंचाइंचानं सरकत होता. आणि लांबून, शेडच्या दुसऱ्या टोकाकडून, दोन बायकांचं हसणं ऐकू येत होतं.

"ही वहिनी," नवरा म्हणाला.

"हो."

"आणि ही?"

आपलं हसू आपल्याला ओळखू येतं. त्या दुपारी मी दाराशी वहिनीबरोबर चहा पीत होते. तिनं धाकट्यांच्या इस्त्रीच्या शर्टाची गंमत सांगितली होती आणि मला ठसका लागला होता. पडद्यावर थोरल्यांची बोटं सांध्यावरून पुढे सरकली आणि मागे, लांब, मला ठसका लागला.

"कॅमेरा तिथे ठेवून गेली असशील. चालूच राहिला असेल," नवरा म्हणाला.

"ठेवलेला कॅमेरा सरकत जातो का?"

त्यानं शॉट थांबवला. आम्ही दोघंही थोरल्यांच्या थांबलेल्या बोटांकडे बघत राहिलो.

मी वहिनीला फोन केला. आडून आडून विचारलं, "परवा चहा घेताना माझा कॅमेरा कुठे होता, काही आठवतं का हो? त्याला ओरखडा पडलाय."

"तुमच्या गळ्यातच की," वहिनी म्हणाली. मग जरा थांबून, "पट्टा तरी गळ्यात होता. कॅमेऱ्याचं बाई मी नाही बघितलं."

५

होडीचं पुढचं टोक निमुळतं होत जातं आणि वरून फळ्या मारल्या की तिथे एक अंधारी कपार तयार होते. खिळे ठोकायचे तर एकानं बाहेरून हातोडा मारायचा आणि दुसऱ्यानं आत त्या कपारीत आडवं पडून, खिळ्याच्या टोकाला लोखंडाचा ठोकळा टेकवून धरायचा. मग टोक वळतं आणि लाकडात रुतून बसतं. आतल्याला बाहेरचा दिसत नाही, बाहेरच्याला आतला. थोरले आत शिरायचे, कारण धाकट्यांचं पोट सुटलं होतं. हेही वहिनीनंच सांगितलं, दोघांच्या वतीनं.

ते खिळे ठोकले त्या दिवशी मी बाहेर होते. धाकट्यांचा हातोडा, त्यांचे आवळलेले ओठ, फळीवर टेकलेला डावा तळहात, असं सगळं मी घेतलं होतं. चांगलं घेतलं होतं. आत जायचा प्रश्नच नव्हता. थोरल्यांच्या पायांचे फक्त तळवे बाहेर दिसत होते.

कार्डात माझे शॉट होते, आणि त्यानंतर आतला होता.

अंधार. फटीतून येणारी उजेडाची एक रेघ थोरल्यांच्या गालावर. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, जरा वरून. ठोकळा धरलेल्या मुठी छातीशी. बाहेरून पहिला घाव बसला, तसे त्यांचे ओठ हलले. माइकनं ते अगदी स्वच्छ पकडलं होतं.

"हळू... हां. मनगटातून. अस्सं."

दुसरा घाव.

"शाब्बास. बोटं जप रे. डाव्या हाताची बोटं जप."

प्रत्येक घावाला काहीतरी. लहान मुलाला पहिल्यांदा हातोडा देताना बोलावं तसं, पुटपुटत. मध्येच धाकट्यांचा एक घाव चुकला, खिळा वाकडा गेला. "असू दे, असू दे," थोरले म्हणाले. "काढ तो. दुसरा घे. घाई काय आहे?" आणि बाहेर धाकट्यांनी खिळा काढला आणि दुसरा घेतला, जणू ऐकूनच.

शॉट संपला. नवऱ्याचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत पडद्यासमोर बसून त्याला रडताना मी पाहिलं नव्हतं.

"हाच तुझा चित्रपट आहे," तो म्हणाला.

"हो."

"कसा घेतलास, हे आता विचारू नको का?"

"मी घेतला नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी थोरले जेवायला गेल्यावर मी त्या कपारीत शिरून बघितलं. त्यांच्या जागी आडवी पडले. छातीवर हात घेतले आणि नाकासमोर फळी होती, वीतभरावर. ज्या जागेवरून शॉट घेतला होता तिथे लाकूड होतं. पुढच्या टोकाचा जाड खांब, एकसंध. मी त्यावर तळहात ठेवला. दुपारची वेळ, शेडचा पत्रा तापून कडकडत होता, पण ते लाकूड गार होतं. नदीच्या बाजूचं असल्यामुळे असेल, मी स्वतःला सांगितलं आणि कोपरांवर सरपटत बाहेर आले. बाहेर आल्यावर कळलं की सगळा वेळ मी श्वास रोखून धरला होता.

६

मी घाबरट बाई नाही. त्या शॉटचं काय करायचं हे मला ठरवायचं होतं आणि मी ते ठरवलं. तो मी घेतलेला असो वा नसो, बोलणं थोरल्यांचं होतं आणि ते कोणाला ऐकवायचं हे त्यांनीच सांगायला हवं होतं. एका सकाळी मी त्यांच्या घरी गेले. वहिनीला बाजूला घेऊन म्हटलं, थोरल्यांना एकट्यांना काही दाखवायचंय. पण घर लहान, भिंती पातळ, आणि धाकटे तिथेच पेपर वाचत होते.

"दाखवा की इथेच," थोरले म्हणाले. "मी काय चोरी केलीय?"

मी लॅपटॉप उघडला.

पहिला "शाब्बास" आला, तसा पेपर खाली आला. धाकटे उठून लॅपटॉपजवळ आले आणि वाकून उभे राहिले. "असू दे, असू दे, काढ तो" आलं, तेव्हा त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. थोरले खिडकीबाहेर बघत होते. कान लाल झाले होते.

शॉट संपला. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

मग धाकटे म्हणाले, "दादा, इतकं बोलत होतास, तर जरा मोठ्यानं बोलायचंस."

वहिनी सवयीनं नवऱ्याकडे वळली, निरोप द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. निरोप पोचला होता.

थोरल्यांनी घसा खाकरला. "मोठ्यानं कशाला? ऐकू जात होतं की तुला."

"मला? हातोड्यापुढे?"

"हुंकार देत होतास ना तू."

"कसला हुंकार?"

"मी काही म्हटलं की 'हं'. दर वेळी." थोरले आता त्यांच्याकडे वळले होते. "म्हणून तर मी बोलत राहिलो. वाटलं, फळीतून ऐकतोय, आणि ऐकून घेतोय. राग गेला असेल."

धाकट्यांनी हळूच मान हलवली. "मी नाही दादा. माझ्या तोंडात खिळे होते."

थोरल्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "परत लावा."

मी परत लावलं. हळू, हां, मनगटातून, अस्सं. घाव. थोरल्यांनी बोट वर केलं. "हा काय! आत्ता आला."

मी धाकट्यांकडे पाहिलं, धाकट्यांनी माझ्याकडे. आम्हाला घाव तेवढा ऐकू आला होता.

"शाब्बास," पडद्यावरचे थोरले म्हणाले, आणि खुर्चीतले थोरले म्हणाले, "हा बघा, पुन्हा." मग आमचे चेहरे बघून त्यांनी बोट खाली घेतलं. म्हणाले, "राहू द्या. ठेवा तुमच्या चित्रपटात. खोटं नाही बोललो मी त्यात."

निघताना वहिनी दारापर्यंत आली. आत दोघांचा आवाज चढला होता. धाकटे म्हणत होते की मुळात खिळाच चुकीच्या मापाचा होता, आणि थोरले म्हणत होते की खिळे कोणी आणले होते. वहिनीच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"त्यांच्या कानाला काही झालं नाही ना हो?" तिनं विचारलं.

"छे," मी म्हटलं. "कान उत्तम आहेत."

७

होडी पाण्यात सोडायचा दिवस राहिला होता. मी जाणार होतेच. नवरा म्हणाला, मी येतो बरोबर. मी नको म्हटलं. म्हणाला, निदान जुना मोठा कॅमेरा ने. तेही नको म्हटलं. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन आवळून बांधला आणि गेले.

सकाळ झकास होती. ओंडक्यांवरून होडी सरकवायला आजूबाजूची माणसं आली होती. दोघे भाऊ एकमेकांवर ओरडत होते, आता मध्ये वहिनी न ठेवता. डावीकडे, अरे डावीकडे, तुझं डावं नव्हे. होडी पाण्यात शिरली, एका बाजूला कलली, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि ती सरळ झाली. धाकटे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून रडत होते. थोरल्यांनी त्यांना काठावर ओढून घेतलं आणि म्हणाले, "पोट कमी कर, वजन किती झालंय."

हे सगळं मी घेतलं. मनगटाला पट्ट्याचा काच बसला होता आणि तो काच मला बरा वाटत होता.

मग माणसं पांगली. मी शेवटचा एक शॉट घ्यायला शेडमध्ये गेले. रिकामी शेड. जिथे होडी होती तिथे आता उजेडाच्या पट्ट्या सरळ जमिनीवर पडत होत्या. भुग्यात होडीच्या पोटाचा लांबट खळगा उरला होता. मी दारातून सुरुवात केली, खळग्याभोवती फिरले, त्याच्या कडेवर फोकस आणला, मग पट्ट्यांवर. घाई केली नाही. मनाजोगता शॉट मिळाला हे मला तिथेच कळलं होतं. चित्रपट याच्यावरच संपवायचा, हेही ठरलं.

८

ते कार्ड आम्ही दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर लावलं. मागच्या खोलीची खिडकी उघडी होती, शेजारी कोणीतरी पाण्याचा पाइप लावून अंगण धूत होतं. होडी, पाणी, धाकट्यांचं रडणं, सगळं व्यवस्थित होतं. प्रत्येक शॉटमध्ये माझी कुरकुर, माझा श्वास. नवऱ्याचे खांदे सैल झाले. मी त्याला कोपरानं ढोसलं. "आता शेवटचा बघ."

रिकामी शेड आली. वरून.

खळग्याभोवती एक बुटकी बाई फिरत होती. पाऊल जपून टाकत, गुडघे जरा वाकवून, धक्का बसू नये म्हणून. दोन्ही हात छातीशी, काहीतरी धरल्यासारखे. त्या हातांत काही नव्हतं. उजव्या मनगटाला पट्ट्याचे वेढे होते आणि त्याची दोन टोकं मोकळी लोंबत होती. डाव्या हाताची बोटं हवेत एक कडं फिरवत होती, अगदी थोडं, मग परत मागे. तिनं मान खाली घातली, तळहातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि समाधानानं मान डोलावली.

नवऱ्यानं माझा हात पकडला.

कॅमेरा तिच्याभोवती फिरत होता. ती खळग्याभोवती, आणि हा तिच्याभोवती. तिच्या पायाखाली भुगा कुरकुरत होता. तिचा श्वास माइकमध्ये येत होता, जवळून. दारातून येणाऱ्या उजेडात तिची सावली जमिनीवर पडली होती, आखूड, नीट. कॅमेरा वळला तशी बाजूला दुसरी सावली आली. माइकची केसाळ टोपी, त्याखाली छोटी चौकोनी पेटी. त्याखाली धरणाऱ्याची सावली नव्हती, फक्त भुगा होता, उजेडानं भरलेला.

"थांबव," नवरा म्हणाला. पण बटणं त्याच्याच हाताशी होती आणि त्यानं थांबवलं नाही.

पडद्यावरची बाई थांबली. शॉट संपल्यावर मी थांबते, तशीच. मान वर केली आणि थेट लेन्सकडे बघितलं. मी आरशात दिसते त्याहून कितीतरी निवांत दिसत होते. मी हसले. दोन्ही हात वर केले, जड भांडं उतरवून घ्यायला करतात तसे.

"झालं ना तुमचं?" मी म्हणाले. "द्या आता इकडे. बाकीचं मी घेते."

चित्र सावकाश खाली आलं. माझा चेहरा मोठा होत गेला, मग गळा, मग काळोख, एक बारीक धक्का. आणि पुन्हा शेड दिसली, छातीच्या उंचीवरून. चित्र केसभर हललं. मी दम टाकला होता.

शेजारचा पाण्याचा पाइप बंद झाला. नवऱ्यानं पडदा काळा केला.

"तू तुझ्या तांड्यातल्या माणसांना अरे-तुरे करतेस," तो म्हणाला. "सगळ्यांना. तुझ्या दुप्पट वयाच्या त्या दिवेवाल्या म्हाताऱ्यालासुद्धा करायचीस."

"हो."

"मग 'द्या' कोणाला म्हणालीस?"

मला आठवत असतं तर मी सांगितलं असतं. मला आठवत होती ती रिकामी शेड, उजेडाच्या पट्ट्या, बोटांखाली फिरणारं कडं. ते कडं अजून बोटांना जाणवत होतं.

"हा शॉट चित्रपटात घ्यायचा नाही," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. "चित्रपट होडी सरळ होते तिथे संपेल."

"आणि थोरल्यांचा?"

"तो राहील. त्यांनी सांगितलंय ठेवा म्हणून."

तो मान डोलावून कामाला लागला. संध्याकाळपर्यंत आम्ही पडद्यावर होडी पाण्यात सोडली आणि शेवटी नावांची पाटी करायला घेतली. दोघा भावांची नावं, वहिनीचं, संकलन म्हणून त्याचं स्वतःचं. मग त्यानं 'छायाचित्रण' एवढं टाइप केलं आणि माझ्याकडे वळून बघितलं.

"माझं लिही," मी म्हटलं.

त्यानं माझं नाव लिहिलं. आणि खाली, न विचारता, एक ओळ मोकळी सोडली.